पाचर कुणाची?

माझी नणंद गप्प बसलेली मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिली. त्या दिवशी भर उन्हात कालव्याच्या काठावर चार शाळांची मुलं, त्यांचे आईबाप आणि चारही मुख्याध्यापक जमले होते. समोर पाण्यात होडी बुडत होती आणि ताई तोंड उघडं ठेवून नुसत्या उभ्या होत्या. ताईंचं तोंड उघडं आणि त्यातून एक शब्द नाही, असं दृश्य आमच्या घरात कुणी पाहिलेलं नव्हतं. माझ्या नवऱ्याने, म्हणजे त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाने, घाबरून माझा दंड धरला. "तिला काही झालं का गं?" मी म्हटलं, "तुमच्या बहिणीला नाही, होडीला झालंय."

ताई म्हणजे कालव्याकाठच्या शाळेतल्या सुतारकामाच्या बाई. सगळा गाव त्यांना करवतबाई म्हणतो, तेही तोंडावर. हे नाव हातातल्या करवतीवरून पडलं की जिभेवरून, यावर दोन मतं आहेत. माझं मत मी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं.

माझे सासरे सुतार होते. हातोडी मुलाकडे जावी अशी त्यांची इच्छा. मुलाने पहिल्याच दिवशी अंगठ्यावर घाव घातला, रक्त बघितलं आणि तो भुशात आडवा झाला. ताई तेव्हा परकर सावरत दारात उभ्या होत्या. त्या आधी पोट धरून हसल्या, मग भावाच्या तोंडावर पाणी मारलं आणि मग अर्धवट राहिलेलं स्टूल पुरं करून टाकलं. ते स्टूल आजही आमच्या स्वयंपाकघरात आहे. माझे हे वरच्या फळीवरचा डबा काढायला त्याच्यावरच चढतात, आणि ताई घरात असल्या की न चुकता म्हणतात, "बघ रे, तुझं स्टूल किती छान झालंय!"

मला बघायला आल्या तेव्हाची गोष्ट. माझ्या आईने चहाचे कप टेबलावर ठेवले, ताईंनी टेबलाच्या कडेला हात लावला आणि म्हणाल्या, "डुगडुगतंय." पुढच्या क्षणी नवऱ्या मुलाची थोरली बहीण टेबलाखाली! आईने माझ्याकडे असं पाहिलं की, अजून वेळ गेली नाही, बघ बाई. टेबल मात्र त्यानंतर कधी हललं नाही. त्यांनी स्वतः लग्न का केलं नाही, असं एकदा मी धीर करून विचारलं होतं. "माप घेतलं होतं," त्या रंधा चालवत म्हणाल्या, "बसलं नाही."

डाव्या हाताच्या एका बोटाचं वरचं पेर त्यांना नाही. दर वर्षी नव्या वर्गाला त्या त्याची नवी गोष्ट सांगतात. मुलं पांढरीफटक पडतात, आणि त्यानंतर वर्षभर कुणी करवतीशी मस्ती करत नाही. खिळ्यांचा त्यांना मनापासून राग. "खिळा म्हणजे आळशी माणसाची सोय," असं त्यांचं म्हणणं. एका फळीला खाच, दुसरीला त्या खाचेत बसेल असं टोक, आणि जोड सैल वाटला तर वर एक बारीकशी पाचर ठोकायची. झालं काम. लाकूड तुटेल, पण जोड सुटणार नाही.

आता शाळांविषयी. गावात माध्यमिक शाळा चार. ताईंची कालव्याकाठची, माझी टेकडीवरची, एक मुलींची आणि एक नवी, जिच्या पायऱ्यासुद्धा चकचकीत आहेत. चौघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. सामना कुठलाही असो, शेवट दगडफेकीत. एकदा बसथांब्यावर अशी जुंपली की एका मुलाचं डोकं फुटलं आणि दुसऱ्याचा दात सापडलाच नाही. मग चार मुख्याध्यापकांना एका टेबलाशी बसावंच लागलं. ठरलं असं की दर शनिवारी प्रत्येक शाळेने आपल्याकडे जे चांगलं आहे ते सगळ्यांसाठी खुलं करायचं. मुलींच्या शाळेने गाणं, नव्या शाळेने संगणक, आमच्याकडे दुर्बीण आणि माझी गणिताची कोडी, आणि ताईंची सुतारशाळा. कुठल्याही शाळेच्या मुलाने कुठेही जावं. एकत्र शिकतील, एकत्र घडतील, वगैरे वगैरे.

पहिल्या शनिवारी सुतारशाळेत काय घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. चार शाळांची मुलं चार कोपऱ्यांत, मधली टेबलं ओस. ताई क्षणभर पाठमोऱ्या झाल्या, तेवढ्यात नव्या शाळेच्या एका मुलाचा टाय कुणीतरी टेबलावरच्या शिकंज्यात आवळला. टायच्या दुसऱ्या टोकाला तो मुलगा होता. जीभ बाहेर, डोळे बाहेर. ताईंनी शिकंजा न सोडवता सरळ कात्रीने टाय कापला, मुलाला श्वास घेऊ दिला आणि मग आवाज लावला. माझ्या शाळेपर्यंत गेला म्हणतात.

पुढच्या शनिवारी दाराबाहेर एक मोठी लाकडी पेटी होती आणि वर पाटी: "शाळा इथे काढून ठेवा." टाय, बिल्ले, पट्टे, सगळं पेटीत. आत शिरणाऱ्याला तपकिरी कापडाचा एप्रन, सगळ्यांना सारखा. आणि नियम एकच: जो कुणी "कुठली शाळा?" असं विचारेल, त्याने सगळा भुसा झाडायचा. मुलगा असो, शिक्षक असो, कुणीही असो. असं कुणी चुकून विचारलं की सगळी मुलं एका सुरात ओरडायची, "झाडू!"

मी दोनदा झाडलंय. नव्या शाळेचे मुख्याध्यापक पाहुणे म्हणून आले, एका पोराच्या डोक्यावर हात ठेवून प्रेमाने म्हणाले, "बाळ, कुठली शाळा?" आणि छप्पर उडेल असा गजर झाला. ते आधी हसले. मग खरोखरच झाडू आला. फोटोपुरते दोन हात फिरवून ते थांबले, तर ताई म्हणाल्या, "कोपरे राहिले." माणसाने चकचकीत बुटांनिशी कोपरे झाडले, आणि तेव्हापासून मला तो जरा बरा वाटायला लागला.

नियम अफलातून चालला. पोरं एकमेकांना शाळेवरून ओळखायची बंद झाली आणि एकमेकांना टोपणनावं ठेवायला लागली. एक भोकरडोळ्या, एक शिट्टी, एक मुकादम. आणि एक पाचर. ही काडीसारखी बारीक मुलगी, तेराचौदा वर्षांची असेल. दोन दांडग्या पोरांमध्ये बोटभर जागा दिसली की ती तिथे घुसायची आणि मग कुणाच्या बापाला हलायची नाही. बोलणं कमी, हात सतत चालू. ताईंचा तिच्यावर जीव जडला. म्हणजे काय, तर ताई तिला सगळ्यांत जास्त ओरडायच्या. घरी जेवताना आम्हाला पाचरपुराण ऐकावं लागायचं. पाचरने आज अशी खाच काढली, पाचरने तशी पटाशी धरली. हे एकदा म्हणाले, "एवढी गुणाची आहे तर कुठल्या शाळेची आहे ती?" ताईंनी भावाकडे असं पाहिलं की हे आपले उठले आणि खरंच केरसुणी घेऊन आले.

हजेरीचं असं ठरलं होतं की आपापल्या मुलांची आपापल्या शाळेने घ्यायची. आता शनिवारची हजेरी कोण घेतो? प्रत्येकाला वाटलं, दुसरा घेत असेल. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं, गणिताची बाई ना मी!

वर्षअखेरीला चारही शाळांनी मिळून काहीतरी मोठं करावं असं ठरलं, आणि ताई म्हणाल्या, होडी. बिनखिळ्याची होडी. चार महिने सुतारशाळेत श्वास घ्यायला जागा नव्हती. होडीच्या बुडाला, मागच्या अंगाला एक भोक ठेवलं होतं. होडी काठावर ओढली की बूच काढून आत साचलेलं पाणी जाऊ द्यायचं आणि पुन्हा पाण्यात सोडण्याआधी ते लाकडी बूच ठोकून बसवायचं. दोनतीनदा कालव्यात उतरवून पाहिली तेव्हा बूच पाचरने काढलं आणि पाचरने लावलं. ते काम तिला कुणी दिलं नव्हतं. ती करते म्हणून बाकीच्यांनी त्याचा विचार करणं सोडून दिलं होतं.

समारंभाची योजना अशी की प्रत्येक मुख्याध्यापकाने आपल्या शाळेतल्या एकेका मुलाला पुकारायचं. त्या मुलाने होडीत जाऊन बसायचं. चार शाळा, चार मुलं, एक होडी. ताईंनी चौघांनाही बजावून सांगितलं, "पाचर ज्यांची असेल त्यांनी तिलाच बोलवा. होडी तिची आहे अर्धी." चौघांनीही माना डोलावल्या. मी ताईंना हळूच म्हटलं, "पण ती नक्की कुणाची ते एकदा विचारून ठेवू या का?"

"माझा नियम मीच मोडू?" ताई म्हणाल्या. "ज्यांची आहे त्यांना माहीत नसेल का, अगं?"

झालं. तो दिवस उजाडला. पाचर केस घट्ट बांधून, धुतलेला एप्रन घालून अगदी पुढे उभी होती. आमच्या सरांनी नाव पुकारलं, मुकादम गेला. मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी पुकारलं, एक गाणारी मुलगी गेली. ताईंच्या मुख्याध्यापकांनी पुकारलं, शिट्टी गेला. पाचर एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे बघत होती. आता एकच नाव उरलं होतं. ताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "नव्या शाळेची निघाली गं! वाटलं नव्हतं." नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी घसा खाकरला आणि भोकरडोळ्याला बोलावलं. वर फोटोसाठी स्वतःही होडीत चढले.

टाळ्या वाजल्या. ताईंनी टाळ्यांच्या वर आवाज काढला. "अहो थांबा, एक राहिली! पाचर कुणाची?"

आमचे सर म्हणाले, "मुलींच्या शाळेची ना?"

"छे, छे," मोठ्या बाई म्हणाल्या. "मला तर वाटलं तुमच्या टेकडीवरची."

ताईंचे मुख्याध्यापक नव्या शाळेकडे बघायला लागले आणि होडीत उभे असलेले मुख्याध्यापक ताईंच्या मुख्याध्यापकांकडे. पार शेवटच्या रांगेतले आईबापसुद्धा मान वर करून बघायला लागले. चारातून चार गेले, बाकी एक उरली, आणि असं गणित मी कधी शिकवलं नव्हतं.

पाचर कुणाकडेच बघत नव्हती. तिने मान खाली घातली, गर्दीला बाजूने वळसा घातला, आधी चालली आणि मग धूम पळाली. ताई तिच्या मागे निघणार तेवढ्यात कुणीतरी उत्साहाने होडी ढकलली आणि ती पाण्यात गेली.

थोडा वेळ छान तरंगली. मग गाणारी मुलगी किंचाळली. पाणी आधी मुख्याध्यापकांच्या चकचकीत बुटांवर आलं, मग मोज्यांवर. "बूच!" मुकादम ओरडला. "बूच कुणी लावलं?" काठावरची पोरं एकमेकांकडे बघायला लागली आणि मग चारही शाळांची पोरं एकदमच म्हणाली, "बूच पाचर लावते!"

तेव्हा ताई तशा उभ्या राहिल्या, तोंड उघडं ठेवून.

पाणी कमरेइतकंच होतं. सगळे चालत बाहेर आले, मुख्याध्यापक सगळ्यांत शेवटी, हातात बूट घेऊन. कुणाला काही लागलं नाही. होडी कडेपर्यंत भरून तशीच उभी राहिली. एकही जोड हलला नव्हता. लोक हळूहळू पांगले. ताई काठावर बसून राहिल्या. मी शेजारी बसले. हे पाण्याची बाटली घेऊन घिरट्या घालत होते. बऱ्याच वेळाने ताईंनी पहिलं वाक्य उच्चारलं.

"अगं, तिचं नाव काय?"

मी मुलांना विचारलं, कुणालाच माहीत नाही. वर्षभर तिच्या खांद्याला खांदा लावून काम केलेल्या पोरांना तिचं नाव माहीत नव्हतं, आणि मला, ताईंना, कुणालाच नाही. मला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली, की ही पोर उद्यापासून आलीच नाही तर आपण तिला शोधणार तरी कोण म्हणून?

शेवटी शिट्टी म्हणाला, "बाजारामागच्या लॉन्ड्रीत बघा. आईला दिसली होती तिथे."

आम्ही तिघंही गेलो. लॉन्ड्री म्हणजे एक लांबोडकी खोली, वाफेने भरलेली, भिंतींना घाम. मध्यभागी एक माणूस आणि पाचर एका ओल्या चादरीची दोन-दोन टोकं धरून ती ताणत होते. दोघं पुढे यायचे, टोकाला टोक लावायचे, मागे जायचे. आम्हाला बघितल्यावर पाचरने टोकं सोडली नाहीत. घडी पुरी केली, चादर गठ्ठ्यावर ठेवली आणि कोपऱ्यातून दुसरी एक घडी आणली. एप्रन होता. त्याच्यावर बूच.

"खिशात राहिलं होतं, बाई," ती म्हणाली. "मी चोरलं नाही."

तिचा बाप घाईघाईने पुढे आला. "चुकलं असेल तर माफ करा. मी तिला सांगत होतो, आपलं तिथं काही नाही, जाऊ नकोस. पण शनिवार आला की पोरगी थांबतच नाही."

"तू आलीस कशी पण?" ताईंनी विचारलं. आवाज इतका खाली होता की मी वळून बघितलं.

"तुम्हीच घेतलंत," पाचर म्हणाली. "मी धुतलेले एप्रन द्यायला आले होते. तुम्ही म्हणालात, 'ही काय यायची वेळ? घाल एक आणि लाग कामाला.' मी घातला. मग कुणी विचारलंच नाही."

मला हसू आणि रडू एकदम आलं. कारण हे वाक्य अगदी, अगदी ताईंचंच होतं.

मग बापाने सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ते या गावात आले. पोरीची जुनी शाळा बंद पडली होती, त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला देणार कोण? तो पोरीला घेऊन आमच्या टेकडीवरच्या शाळेत गेला. "दाखला नाही? मग मुलींच्या शाळेत विचारा." मुलींच्या शाळेने कालव्याकडे पाठवलं. कालव्याने सांगितलं, नव्या शाळेत जागा असेल. नव्या शाळेने टेकडीवर बोट दाखवलं. "मी परत पहिल्या शाळेत गेलो," तो म्हणाला, "तर खिडकीतून म्हणाले, आत्ताच तर येऊन गेलात ना?" हे सांगताना त्याला राग नव्हता. राग मला आला. डोक्यात तिडीक गेली. एकत्र शिकतील म्हणे, एकत्र घडतील म्हणे! आमच्या चार शाळांनी मिळून केलेलं पहिलं काम हे होतं, आणि ते आम्ही कुठल्याही बैठकीशिवाय, अगदी बिनचूक केलं होतं.

घरी येताना ताई एकदाच बोलल्या. "मी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं गं."

"विचारलं असतंत," हे म्हणाले, "तर पहिल्याच दिवशी ती निघून गेली असती." माझ्या नवऱ्याच्या तोंडून शहाणपणाचं वाक्य निघालं, हा त्या दिवसातला माझा आणखी एक धक्का.

सोमवारी चारही मुख्याध्यापक सुतारशाळेत आले. विषय होता जबाबदारी. बाहेरच्या मुलीच्या हातात करवत दिलीच कशी? बोट गेलं असतं तर? ताईंनी नकळत आपला डावा हात पाठीमागे नेला. शनिवार बंदच करावेत, निदान सुतारशाळेचे तरी, असं नव्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले. बूट बहुधा अजून वाळले नव्हते, साध्या चपलांत आले होते.

ताईंनी काही वाद घातला नाही. मध्यभागी टेबलावर ते लाकडी बूच ठेवलं आणि पाचरच्या बापाने ज्या क्रमाने सांगितलं होतं त्याच क्रमाने सांगितलं. टेकडी, मुली, कालवा, नवी, पुन्हा टेकडी. प्रत्येक नावाला बूच त्या त्या मुख्याध्यापकासमोर सरकवत गेल्या. शेवटी ते आमच्या सरांसमोर दुसऱ्यांदा येऊन थांबलं, आणि सर त्याच्याकडे विंचू बघावा तसे बघत राहिले.

मोठ्या बाई लालबुंद झाल्या. "आमच्या इथून असं कुणी... मला कुणी सांगितलंच नाही."

"कुणालाच कुणी सांगत नाही," मी म्हटलं. "तेच तर चाललंय." माझ्याच सरांसमोर इतक्या चढ्या आवाजात मी याआधी कधी बोलले नव्हते. पुढच्या वर्षभराची शिकवण्याबाहेरची सगळी कामं माझ्या माथी येणार हे मला तेव्हाच कळलं, आणि आलीच.

मग नियम उघडून पाहिले. दाखला नसेल तर वयावरून आणि परीक्षा घेऊन प्रवेश देता येतो, असं त्यात आधीपासूनच होतं. इतकं साधं! मला तर भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. आता चौघंही म्हणायला लागले, आमच्याकडे द्या, आमच्याकडे द्या. कालव्याच्या काठावर अख्ख्या गावाने पाहिलं होतं ना. काल कुणाचीच नव्हती ती पोर, आज चौघांची झाली. ताईंच्या मुख्याध्यापकांनी तर छाती काढून सांगितलं, "करवतबाईंची विद्यार्थिनी आहे, दुसरीकडे जाणार कुठे?" रात्री जेवताना ताईंनी भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली, तेव्हा मी ओळखलं, बाई खुशीत आहेत.

"तिलाच ठरवू दे," असं शेवटी ठरलं. पाचरने बापाबरोबर जाऊन काय ते ठरवलं आणि शनिवारी ती सुतारशाळेत आली. सगळी पोरं हातातली कामं टाकून उभी राहिली. ताई टेबलाशी रंध्याचं पातं घासत होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं.

"मग? कुठली शाळा?"

नियम करणाऱ्या बाईंनीच नियम मोडला होता. एकालाही "झाडू" म्हणायचा धीर होईना.

"नवी," पाचर म्हणाली.

ताईंचा हात थांबला. मला वाटलं होतं, आम्हा सगळ्यांनाच वाटलं होतं, की ती 'कालवा' म्हणेल.

"का गं?" ताईंनी विचारलं. त्यांनी आवाज सरळ ठेवला, पण ते त्यांना किती जड गेलं हे मला दिसलं.

पाचरने एप्रनची नाडी बांधली. "तुमच्या शाळेत बाबांना खिडकीबाहेर उन्हात उभं ठेवलं होतं, बाई. खूप वेळ. बाकीच्यांनीही ठेवलं. नव्या शाळेत शिपाईकाकांनी खुर्ची दिली. म्हणाले, बसा, दमला असाल. 'नाही' तिथेही म्हणालेच. पण बाबा बसले होते."

ताईंनी पातं खाली ठेवलं. इतकी वर्षं त्या खिडकीवरून त्या रोज गेल्या होत्या. मीही आमच्या खिडकीवरून रोज जाते. आम्ही कधी बघितलंच नाही की बाहेर उभ्या माणसाला बसायला काही नाही. ताईंनी कोपऱ्यातला झाडू घेतला आणि भुसा झाडायला लागल्या. पोरांनी पाय वर घेतले. त्यांनी कोपरेसुद्धा सोडले नाहीत. नाक मात्र दोनदा पदराला पुसलं, आणि भुसा गेला म्हणाल्या.

झाडून झाल्यावर त्यांनी मांडणीकडे पाहिलं. "जाड फळ्या काढा रे. खुर्च्या करायच्यात, शाळांच्या खिडक्यांबाहेर ठेवायला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गणिताच्या बाई, किती लागतील?"

मी म्हटलं, "नव्या शाळेत आहेच. तीन."

"चार, बाई," पाचर पटाशी उचलत म्हणाली. "त्या काकांनी स्वतःची दिली होती. ते उभेच होते."